सही नसलेले रानडे

महादेव गोविंद रानडे १८ जानेवारी १८४२ रोजी निफाडला जन्मले. वडील सरकारी नोकरीत होते. नोकरीपायी कुटुंब निफाडला होते आणि नोकरीपायीच पुढे कोल्हापूरला गेले. सुरुवातीचे शिक्षण कोल्हापुरात, नंतरचे सगळे मुंबईत, कर्तृत्वाची वर्षे पुण्यात आणि मुंबईत. त्यामुळे निफाड त्यांच्या चरित्रात आरंभीच येते आणि लगेच मागे पडते. तालुक्याची आजची ओळख लासलगावचा कांदा, द्राक्षबागा आणि गोदावरी-कादवेच्या संगमावर नांदूर मधमेश्वरला उतरणारे पाणपक्षी अशी आहे, आणि ती रास्तच आहे. पण एखाद्या गावाने विचारवंत दिला असे आपण अभिमानाने म्हणतो, तेव्हा त्या विचाराचे पुढे काय झाले, तो कोणी घेतला, कोणी खोडला, कोणी नाव न घेता वापरला, हे सांगण्याची जबाबदारीही म्हणणाऱ्यावर येते. विद्यापीठांनी यासाठी एक सोपी पद्धत स्वीकारली आहे: किती शोधनिबंध लिहिले आणि इतरांनी त्यांचे किती संदर्भ दिले, ते मोजायचे. ही पद्धत रानड्यांना लावली तर चित्र चमत्कारिक दिसते. इतिहासकार त्यांचा हवाला देतात, आर्थिक विचारांचा इतिहास लिहिणारे देतात. तत्त्वज्ञानाचे अभ्यासक जवळजवळ देत नाहीत. म्हणजे रानडे इतिहासकार आणि अर्थशास्त्रज्ञ म्हणून टिकले, तत्त्वचिंतक म्हणून विसरले गेले, असा निष्कर्ष निघतो. तो चुकीचा आहे असे माझे म्हणणे आहे. रानड्यांचा इतिहास आणि अर्थशास्त्र त्यांच्या तत्त्वज्ञानाच्या पायावर उभे आहे. म्हणून त्यांच्या इतिहासाचा हवाला देणारा माणूस नकळत त्यांच्या तत्त्वज्ञानाचाच हवाला देत असतो. संदर्भांच्या मोजणीत हे उतरत नाही, कारण ती मोजणी सहीची असते, विचाराची नसते.

आधी या मोजणीकडे नीट पाहायला हवे. युजीन गारफील्ड यांनी १९५५मध्ये विज्ञानातील संदर्भांची सूची करण्याची कल्पना मांडली आणि १९६०च्या दशकात ती प्रत्यक्षात आणली. सामाजिक शास्त्रांची सूची १९७०च्या दशकात आली आणि तिच्या मागोमाग मानव्यविद्यांची. २००५मध्ये हर्श यांनी एका माणसाचे सगळे लेखन एका आकड्यात बसवणारा एच-निर्देशांक दिला, आणि २०१०च्या यूजीसी नियमांतून आलेल्या एपीआय गुणांनी आपल्याकडचा प्राध्यापक आकड्यांच्या चौकटीत आला. गारफील्ड यांच्यापुढे नमुना होता तो कायद्याचा. अमेरिकेत फ्रँक शेपर्ड यांनी १८७३पासून कोणत्या निवाड्याचा हवाला पुढे कोणत्या निवाड्यात आला याच्या नोंदी छापायला सुरुवात केली होती. वकिलाला त्या लागत, कारण आधीचा निवाडा अजून टिकून आहे की उलटला गेला, हे कळल्याशिवाय त्याला उभे राहता येत नसे. कोणी कोणाचा हवाला दिला यावरून शोध घेण्याची रीत आपल्यालाही परकी नाही. पां. वा. काणे यांनी १९३० ते १९६२ या काळात प्रसिद्ध केलेल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात ग्रंथकारांचे काळ ठरवले ते मोठ्या प्रमाणात याच आधारावर. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेत मेधातिथी आणि विश्वरूप यांची नावे येतात, म्हणून ते त्याच्या आधीचे. पण काणे हवाले मोजत नव्हते, वाचत होते. शास्त्रग्रंथांत प्रतिपक्ष पुष्कळदा ‘केचित्’ किंवा ‘अन्ये’ एवढ्यावरच भागवलेला असतो. तो कोण, हे काण्यांसारखा अभ्यासक मताच्या ठेवणीवरून ओळखतो. नाव नसले तरी मत ओळखता येते, ही गोष्ट आपल्या विद्वत्तेने फार पूर्वी मान्य केलेली आहे. रानड्यांच्या बाबतीत तिचीच गरज पडते.

रानड्यांच्या हातून दोन प्रकारचे लेखन झाले आणि त्या दोहोंचे नशीब वेगळे ठरले. १८९३ ते १९०१ या काळात ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते. त्या काळातले त्यांचे निवाडे ‘इंडियन लॉ रिपोर्ट्स’च्या मुंबई मालिकेत नावासह छापले गेले, त्यातला शब्दन् शब्द त्यांच्या खाती जमा आहे. दुसरे लेखन पुण्याच्या सार्वजनिक सभेसाठी केलेले. सभा १८७० साली गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. रानडे १८७१मध्ये न्यायखात्याच्या नोकरीत पुण्याला आले आणि सभेचे डोके बनले. सभेची निवेदने, अर्ज, दुष्काळाचे अहवाल यांत त्यांचा हात होता. १८७८पासून सभेचे इंग्रजी त्रैमासिक निघू लागले; त्याचा बराच मोठा भाग त्यांनी लिहिला असे त्यांना जवळून ओळखणाऱ्यांनी नोंदवले आहे. जमीनमहसूल, कुळांचे हक्क, प्रशियातले जमीनविषयक कायदे, रशियातली भूदासांची मुक्ती, अशा विषयांवर तिथे जे लेख आले त्यांखाली सही नसे. सरकारी नोकर असलेल्या माणसाने सरकारच्या महसूलधोरणावर लिहायचे म्हटले तर सही करणे म्हणजे नोकरी पणाला लावणे होते. सरकारला संशय होताच. १८७८मध्ये त्यांची पुण्याहून नाशिकला बदली झाली. पुढच्या वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड झाले, पुण्यात विश्रामबागवाड्याला आग लागली, आणि रानड्यांना तातडीने धुळ्याला पाठवले गेले. तिथे त्यांची पत्रे उघडून पाहिली जात. निफाड ज्या जिल्ह्यात आहे त्या नाशिक जिल्ह्यात न्यायाधीश म्हणून ते परत आले ते असे, संशयित म्हणून. त्या काळात सही न करणे हा विनय नव्हता, तो लिहीत राहण्याचा एकमेव मार्ग होता.

सही नसण्याची चाल केवळ पुण्याची नव्हती. एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटनमधल्या ‘एडिंबरो रिव्ह्यू’सारख्या नामांकित नियतकालिकांतही लेखकाचे नाव छापत नसत. पुढे अभ्यासकांनी ‘वेलस्ली इंडेक्स’ नावाचे पाच खंडांचे काम करून शतकभराच्या निनावी लेखांचे कर्ते शोधून काढले. आपल्याकडे हे काम तुकड्यातुकड्यांनी झाले. रमाबाई रानडे यांनी १९१५मध्ये रानड्यांचे संकीर्ण लेखन पुस्तकरूपाने आणले. १९९०मध्ये बिपन चंद्र यांनी त्यांच्या आर्थिक लेखनाचे संकलन संपादित केले. तरीही त्रैमासिकाच्या पानांवर एक अडचण उरतेच. तिथे लिहिणारा दुसरा समर्थ माणूस होता गणेश व्यंकटेश जोशी, सरकारी शाळेतला शिक्षक, आकड्यांवर विलक्षण हुकमत असलेला. त्याचेही लेख निनावी. जोशींच्या लेखनाचा मोठा संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर १९१२मध्ये निघाला आणि त्यामुळे काही लेखांचे कर्तृत्व ठरले. पण दोघांचे विषय एक, आधार घेतलेले सरकारी अहवाल एक, भाषेचा बाजही बराचसा एक. शिवाय १८८७नंतर रानड्यांच्या हाताखाली तयार झालेले गोपाळ कृष्ण गोखले त्रैमासिकाचे संपादक होते. गोखल्यांनी १८९७मध्ये लंडनला वेल्बी आयोगापुढे दिलेली साक्ष त्यांच्या नावावर आहे, पण तिच्या तयारीत जोशींचे आकडे आणि रानड्यांची मांडणी आहे. एका विचाराला तीन हात लागले होते आणि त्यांतल्या एकाच हाताची सही उरली.

आता तत्त्वज्ञान. रानड्यांचे तत्त्वज्ञानविषयक लेखन थोडे आहे, पण ते फुटकळ नाही. १८६७मध्ये मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला. रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्याचे बौद्धिक आधार होते. त्याच्या आगेमागे रानड्यांनी एल्फिन्स्टन कॉलेजात काही वर्षे शिकवले. ‘एकेश्वरनिष्ठांची कैफियत’ हे प्रार्थना समाजाच्या भूमिकेचे विवेचन त्यांचेच, आणि हिंदी ईश्वरवादाच्या तत्त्वज्ञानावर त्यांनी १८९६मध्ये दिलेले इंग्रजी व्याख्यान पुढे १९०२च्या संग्रहात छापले गेले. त्यांची भूमिका थोडक्यात अशी: ईश्वर, जीव आणि सृष्टी या तीन गोष्टी वेगळ्या आहेत, पण एकमेकींशी बांधलेल्या आहेत. जीव ईश्वरात विरून जातो असे म्हणाल तर माणसाच्या नैतिक जबाबदारीला आधार उरत नाही. सृष्टीपलीकडे काहीच नाही म्हणाल तरी तो उरत नाही. माणसाच्या अंतःकरणात सदसद्विवेक आहे, तो समाजात वाढतो आणि इतिहासात उलगडतो. बिशप बटलर यांच्या नीतिविचाराची छाप इथे स्पष्ट आहे. मुंबई विद्यापीठाच्या त्या काळच्या अभ्यासक्रमात बटलर होतेच. तितकीच स्पष्ट छाप तुकारामाची आणि एकनाथाची आहे. त्यांची धर्मपर व्याख्याने संतवचनांच्या आधारावरच चालतात.

हे लेखन तत्त्वज्ञांनी का उचलले नाही, याची कारणे शोधायला फार लांब जावे लागत नाही. विसाव्या शतकात तत्त्वज्ञान हा विद्यापीठीय व्यवसाय झाला. श्रीमंत प्रताप शेठ यांच्या औदार्यातून १९१६मध्ये खानदेशात अमळनेरला तत्त्वज्ञानमंदिर उभे राहिले. तिथून १९२५पासून ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ निघू लागले आणि घनश्यामदास मलकानींनी ते दीर्घकाळ सांभाळले. निफाडहून अमळनेर काही फार दूर नाही, पण वैचारिक अंतर मोठे होते. अमळनेरची निष्ठा शांकर अद्वैताशी होती, आणि अद्वैताने जीवाची जबाबदारी निराधार होते असे मानणाऱ्या रानड्यांना त्या वर्तुळात स्थान मिळणे अवघडच होते. पुढे या व्यवसायाची भाषा आणखी बदलली. व्याख्यानातून, प्रवचनातून मांडलेला विचार ‘संशोधन’ या सदरात बसेनासा झाला. त्यात आणखी एक घोटाळा आडनावाचा. तत्त्वज्ञानाच्या ग्रंथसूचीत ‘रानडे’ दिसले की ते बहुधा रामचंद्र दत्तात्रेय, म्हणजे निंबाळचे गुरुदेव रानडे असतात. उपनिषदांवरचा त्यांचा १९२६चा ग्रंथ आणि महाराष्ट्रातील गूढवादावरचा १९३३चा ग्रंथ यांचे संदर्भ देशात आणि देशाबाहेर दिले गेले, आणि ते त्या ग्रंथांना साजेसेच होते. फर्ग्युसन आणि अलाहाबाद इथे तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या या रानड्यांच्या पुढे न्यायमूर्ती रानडे सूचीत झाकले गेले. गुरुदेवांनी संतांकडे आत्मानुभवाच्या अंगाने पाहिले, न्यायमूर्तींनी समाजाच्या अंगाने. तत्त्वज्ञानाच्या विभागाला पहिले अंग आपले वाटले आणि दुसरे इतिहासाच्या विभागाकडे गेले.

ते इतिहासाकडे गेले म्हणूनच टिकले, आणि माझा मुद्दा इथे सुरू होतो. १९००मध्ये रानड्यांचा मराठी सत्तेच्या उदयावरचा इंग्रजी ग्रंथ निघाला. काशिनाथ त्र्यंबक तेलंगांबरोबर योजलेले हे काम. तेलंग १८९३मध्ये गेले, त्यांचा बखरींवरचा निबंध ग्रंथाला जोडलेला आहे. ग्रांट डफ यांनी १८२६मध्ये लिहिलेल्या इतिहासात मराठ्यांचा उदय हा परिस्थितीचा योगायोग आणि लूटमारीचे यश असा दिसत होता. रानड्यांनी त्याला उत्तर दिले ते असे, की शिवाजीच्या आधी दोन-अडीच शतके महाराष्ट्रात एक धार्मिक आणि सामाजिक मंथन चालू होते. ते ब्राह्मणी नव्हते, खालच्या थरांतून आलेले होते. त्याने भाषेला प्रतिष्ठा दिली, जातीची धार बोथट केली, माणसाला देवाशी थेट नाते दिले, आणि या तयारीवर स्वराज्य उभे राहिले. युरोपातल्या सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेशी त्यांनी याची तुलना केली. हे विधान ऐतिहासिक दिसते; पुराव्याने तपासता येते आणि पुढे तपासले गेलेही. पण ते सुचले कशातून? माणसाचा सदसद्विवेक ईश्वराशी असलेल्या नात्यातून जागा होतो आणि समाजात फळाला येतो, हे ज्याचे तत्त्वज्ञान आहे त्यालाच संतांच्या भक्तीत राज्याची पायाभरणी दिसू शकते. अद्वैती अभ्यासकाला त्या भक्तीत मोक्षाची वाट दिसली असती, जडवाद्याला शेतीच्या नफ्यातोट्याचे सावट. रानड्यांचे संतांवरचे प्रकरण हा १८९६च्या व्याख्यानाचाच इतिहासात मांडलेला प्रयोग आहे.

अर्थशास्त्रात हेच घडले. १८९२मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रानड्यांनी हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले. इंग्रजी अर्थशास्त्राने सर्वत्र लागू म्हणून मांडलेली गृहीतके त्यांनी एकेक करून तपासली: माणूस मुळात स्वार्थ साधणारा आहे, भांडवल आणि श्रम मोकळेपणाने फिरतात, स्पर्धा सगळीकडे चालते, भाव आणि मजुरी तिच्यातून ठरते. हिंदुस्थानात रूढी, कुटुंब आणि जात यांचे वजन इतके आहे, की ही गृहीतके इथे लागू पडत नाहीत असे ते म्हणाले, आणि फ्रीडरिश लिस्ट यांच्यासारख्या जर्मन विचारवंतांचा आधार घेऊन शासनाने उद्योगवाढीत पुढाकार घ्यावा असा निष्कर्ष काढला. नंतरच्या अभ्यासकांनी लिस्ट यांचे ऋण सविस्तर दाखवले आहे, आणि ते खरेच आहे. पण लिस्ट घेण्याआधी रानड्यांनी एक गोष्ट नाकारलेली होती: केवळ स्वतःचे हित पाहणारा एकटा माणूस हा मनुष्यस्वभावाचा खरा नमुना आहे, ही. ती नाकारायला ते बटलर आणि तुकाराम यांच्याकडून शिकले होते. बिपन चंद्र यांनी १९६६मध्ये आर्थिक राष्ट्रवादाच्या उदयावर लिहिलेल्या ग्रंथात रानडे आणि जोशी जागोजागी येतात. त्या ग्रंथापासून पुढे ज्यांनी ज्यांनी रानड्यांच्या अर्थशास्त्राचा संदर्भ दिला, त्यांनी रानड्यांची मनुष्यविषयक कल्पनाही बरोबर नेली. फक्त तिचे नाव तत्त्वज्ञान ठेवले नाही.

सगळ्यात बोलका पुरावा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी १९३६मध्ये लिहिलेल्या आणि तिथे होऊ न शकलेल्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या भाषणात त्यांनी एक नियम मांडला: राजकीय क्रांतीच्या आधी धार्मिक आणि सामाजिक क्रांती होते. दाखले दिले ते ल्यूथर, प्युरिटन, पैगंबर मुहंमद, बुद्ध आणि चंद्रगुप्त, गुरू नानक आणि शीख, आणि महाराष्ट्रातले संत आणि शिवाजी यांचे. संत आणि शिवाजी यांची जोडी, तिचा पूर्वोत्तर क्रम आणि युरोपातल्या धर्मसुधारणेशी तिची सांगड, हे तिन्ही १९००च्या ग्रंथात आहे. त्या जागी रानड्यांचे नाव नाही. सात वर्षांनी, १८ जानेवारी १९४३ रोजी, रानड्यांच्या १०१व्या जयंतीला आंबेडकरांनी पुण्यात ‘रानडे, गांधी आणि जीना’ हे भाषण दिले आणि रानड्यांच्या मोठेपणाची चिकित्सा नाव घेऊन, भरभरून केली. संदर्भ मोजणाऱ्याला १९४३चे भाषण सापडेल आणि १९३६चे निसटेल. माझ्या मते १९३६चा पुरावा अधिक भारी आहे. जयंतीच्या भाषणात नाव येणारच होते. ‘जातिप्रथेचे विध्वंसन’सारख्या सगळे पणाला लावून लिहिलेल्या मजकुरात मात्र युक्तिवाद उपयोगी असेल तरच येतो.

इथे आक्षेप घेतला जाईल, आणि तो गंभीर आहे. नावाशिवाय प्रभाव मोजायला परवानगी दिली तर वाटेल ते वाटेल त्याच्या नावावर चढवता येईल. शिवाय संतांच्या कार्याचा राष्ट्रीय अर्थ लावणारे रानडे एकटे नव्हते. राजारामशास्त्री भागवतांनीही मराठ्यांविषयी आणि महाराष्ट्रधर्माविषयी त्याच काळात लिहिले होते. ल्यूथरची उपमा तर त्या काळी सुधारकांच्या तोंडी सर्रास असे. म्हणून कसोट्या लावायलाच हव्यात, आणि मी तीन लावतो: मताची घडण पुरेशी विशिष्ट असली पाहिजे, ते पोचण्याची वाट दाखवता आली पाहिजे, आणि त्याच जागी बसेल असा दुसरा उगम अधिक जवळचा नसला पाहिजे. आंबेडकरांच्या बाबतीत पहिल्या दोन कसोट्या पुऱ्या होतात. रानड्यांचा ग्रंथ त्या पिढीच्या वाचनातला होता आणि १९४३चे भाषण त्यांच्याशी असलेला दीर्घ परिचय दाखवते. तिसरी कसोटी बऱ्याच अंशी पुरी होते, कारण धार्मिक क्रांती आधी आणि राज्य नंतर हा कार्यकारणाचा क्रम नियम म्हणून मांडण्याचे काम रानड्यांनी केले. याच कसोट्यांवर एक श्रेय मी रानड्यांना नाकारतो. निफाड तालुक्यात पतसंस्था, विकास सोसायट्या, सहकारी साखर कारखाना असे सगळे उभे राहिले, आणि शेतकऱ्याच्या कर्जाची पुनर्रचना हा रानड्यांच्या १८९१च्या निबंधाचा विषय होता. नाशिकला जन्मलेले धनंजयराव गाडगीळ हे गोखल्यांच्या नावाने १९३०मध्ये पुण्यात निघालेल्या संस्थेत बसून सहकाराचा विचार घडवत होते, हेही खरे. ही साखळी मोह पाडणारी आहे. पण १९०४च्या सहकारी पतसंस्था कायद्याचा उगम मद्रासच्या फ्रेडरिक निकल्सन यांच्या अहवालात आणि त्यामागच्या जर्मन रायफायझन पतपेढ्यांत आहे. तिथे दुसरा उगम अधिक जवळचा आहे, म्हणून ते जमेस धरता येत नाही. कसोटी नाही म्हणायला तयार नसेल तर तिच्या होकाराला किंमत राहात नाही.

दुसरी गोष्ट खंडनाची. शेपर्ड यांच्या नोंदींत निवाडा मान्य झाला की उलटला गेला हे वेगळे दाखवलेले असे. आजच्या आकडेमोडीत दोन्ही एकाच खात्यात जमा होतात, आणि नाव न घेता केलेले खंडन तर कुठेच जमा होत नाही. रानड्यांना मोठ्या योग्यतेचे विरोधक मिळाले. शेतकऱ्यांची स्थिती पूर्वीपेक्षा सुधारली या त्यांच्या मताला जोतीराव फुल्यांनी १८८५मध्ये ‘इशारा’ लिहून उत्तर दिले. त्याच वर्षी ग्रंथकारांच्या सभेचे रानड्यांचे निमंत्रण त्यांनी ज्या पत्राने नाकारले, ते पत्र आजही वाचले जाते. वि. का. राजवाड्यांना संतांच्या भक्तीत समाजाची निवृत्ती दिसली आणि कर्तृत्व दिसले ते रामदासांच्या महाराष्ट्रधर्मात. जदुनाथ सरकारांनी १९१९मध्ये शिवाजीचे चरित्र लिहिताना जातींनी पोखरलेल्या समाजात एकजिनसी राष्ट्र घडलेच नाही असा निष्कर्ष काढला. खुद्द आंबेडकरांनी १९३६च्या त्या भाषणावरील टीकेबद्दल गांधींना दिलेल्या उत्तरात संतांनी जातिसंस्थेवर कधी हल्ला चढवला नाही असे म्हटले. म्हणजे ज्या वादात त्यांनी रानड्यांचा क्रम स्वीकारला त्याच वादात त्या क्रमातला कच्चा दुवाही दाखवला. गं. बा. सरदारांनी १९५०मध्ये संतवाङ्मयाची सामाजिक फलश्रुती तपासली ती या वादाच्या मधोमध उभे राहून. पन्नास वर्षे महाराष्ट्राचे सगळे गंभीर इतिहासचिंतन या एका विधानाभोवती फिरले. विधान पुरते टिकले असे मी म्हणत नाही. जातीची धार बोथट झाली हा त्यातला भाग मला पुराव्यापेक्षा आशेवर अधिक उभा वाटतो, आणि फुल्यांचा आक्षेप तर आजही अनुत्तरित आहे. पण एखाद्या मताशी भांडल्याशिवाय पुढे जाता येत नाही, अशी त्याची जागा असणे हाच प्रभाव.

कोणी म्हणेल, आकडे टाकून दिले तर पुन्हा वशिला आणि मोठ्या नावांचा दबदबा यांचेच राज्य येईल. आकडा निदान सर्वांना सारखा लागतो. हयात प्राध्यापकाच्या बढतीपुरते हे मला मान्य आहे. तिथे सगळे लेखन सहीचे असते, वाट छोटी असते, आणि अपूर्ण मापही मापच नसण्यापेक्षा बरे. अडचण येते ती हेच माप भूतकाळाला लावले की. रामचंद्र गुहा यांनी आधुनिक भारत घडवणाऱ्या एकोणीस जणांच्या लेखनाचा २०१०मध्ये संग्रह केला. त्यात महाराष्ट्रातून फुले, टिळक, गोखले, ताराबाई शिंदे, आंबेडकर, हमीद दलवाई आदी आहेत, रानडे नाहीत. निवड करण्याचा हक्क संपादकाचा, आणि आलेले प्रत्येक नाव मोलाचे आहे. पण शिष्य आला, टीकाकार आले, विरोधक आले आणि ज्याच्याकडून ते शिकले किंवा ज्याच्याशी ते भांडले तो बाहेर राहिला. निनावी लिहिणाऱ्याचे, व्याख्यानातून बोलणाऱ्याचे आणि संस्थांमधून काम करणाऱ्याचे असेच होते. यावर उपाय करता येण्याजोगा आहे. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे खंड घेऊन ‘वेलस्ली इंडेक्स’च्या धर्तीवर प्रत्येक लेखाचे कर्तृत्व पुराव्यासह ठरवणे, रानडे आणि जोशी यांची पाने वेगळी करणे, आणि १८९६चे ईश्वरवादावरचे व्याख्यान, १८९२चे अर्थशास्त्रावरचे आणि १९००चे संतांवरचे प्रकरण ही तिन्ही एकत्र, टीपांसह, मराठीत आणणे, हे एखाद्या विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाला सहज पेलण्याजोगे काम आहे. ते इतिहास विभागाकडे जाऊ नये असे मला वाटते. जीव ईश्वराहून वेगळा राहिला तरच त्याच्यावर जबाबदारी टाकता येते, हे रानड्यांचे म्हणणे बरोबर आहे की नाही, याचा निवाडा इतिहासकार करू शकत नाही. अमळनेरच्या अद्वैत्यांनी तो वाद घातला नाही, आणि तो अजून घालायचा राहिला आहे.